राणीची बाजू

"नाही, नाही! राणी अशी नाही बोलणार!"

भोंग्यानं स्वतःलाच दटावलं आणि पुस्तक घेऊन ती पुन्हा दाराशी जाऊन उभी राहिली. भोंगा म्हणजे या घरातली बारावीतली लेक. आवाज असा खणखणीत, की दादानं लहानपणीच हे नाव ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं.

सध्या तिला जुन्या नाटकांनी झपाटलं होतं. वर्षाच्या सुरुवातीला पुस्तक बघून तिनं कपाळावर हात मारला होता. शेकडो वर्षांपूर्वीचे राजे, राण्या, एकेकाची पानभर भाषणं. कोण वाचणार हे? आणि आता बाईसाहेबांचं जेवतानाही तोंड बंद नाही. "अगं आई, इतकी जुनी माणसं, पण भांडतात अगदी आपल्यासारखी! कुणी कुणाचं ऐकूनच घेत नाही!" आई म्हणायची, "आधी जेव, मग भांड."

साहित्याच्या सरांची पद्धत मोठी खट्याळ. नाटक शिकवून झालं, की ज्या पात्राचा तुम्हाला सगळ्यात जास्त राग येतो, त्याचंच बोलणं तुम्ही वर्गापुढे वाचायचं. भोंग्यानं महिनाभर राणीच्या नावानं खडे फोडले होते, मग तिच्या वाट्याला दुसरं कोण येणार? राजकन्येला समुद्रापलीकडच्या नगरीत शिकायला जायचंय आणि ही बया तिला जाऊच देत नाही!

त्यात शनिवारी सर वर्गाला शहरात नेणार होते. हेच नाटक, रंगमंचावर, खऱ्याखुऱ्या नटांचं! रात्री मुक्काम तिथंच. नुसत्या कल्पनेनंच भोंग्याच्या अंगावर काटा येत होता. पण आईनं साफ नाही म्हटलं होतं. "परक्या गावात रात्रीचं राहायचं नाही. विषय संपला." आणि नावं द्यायला उद्याचाच दिवस उरला होता.

संध्याकाळची वेळ. आई शिलाई मशीनवर शर्टाच्या कॉलरी शिवत बसली होती. भोंग्यानं आधी दुष्ट राणी करून पाहिली. डोळे वटारले, दातओठ खाल्ले. अगदीच पोरकट वाटलं. मग थंड आवाजात बोलून पाहिलं. तेही जमेना. शेवटी वैतागून तिनं कमरेवर हात ठेवला, मान जराशी तिरकी केली आणि थेट आईच्याच सुरात सुरुवात केली.

"कुठंही जायचं नाही. वाटेत वादळं आहेत, अनोळखी माणसं आहेत. तू आजारी पडलीस तर तुझ्या कपाळावर हात कोण ठेवील? तू जाशील, शिकशील. मी मात्र रोज किनाऱ्याकडे बघत बसेन."

अरेच्चा! राणी जिवंत झाली की! भोंगा हरखूनच गेली. वाचता वाचता तिला राणीची भीती अगदी आतून कळली. ही बाई दुष्ट नव्हतीच मुळी. बिचारी घाबरली होती. हे सरांना कधी एकदा सांगते, असं तिला झालं.

तेवढ्यात मशीन थांबलं. भोंग्यानं जीभ चावली. आता काही आपलं खरं नाही!

पण आई म्हणाली, "मग राजकन्या काय म्हणते?"

"तिचं वाचायला कुणी नाहीये. तू वाचतेस?"

"मी? काहीतरीच तुझं!" असं म्हणत आईनं चष्मा पुसला आणि पुस्तक ओढून घेतलं.

सुरुवातीला ती बसस्थानकावरच्या घोषणेसारखं एकसुरी वाचत होती. भोंग्याला राणी आता पाठच झाली होती. राणी जसजशी अडवू लागली, तसतसा राजकन्येचा आवाज चढत गेला. "तुझ्या भीतीचं ओझं मी का वाहू?" असं विचारताना आई चक्क उठून उभी राहिली. मांडीवरची कॉलर खाली पडली, तरी तिचं लक्ष नव्हतं. भोंगाही पेटली. आपली आई अशी बोलते? इतकी सुंदर? तिला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या, पण राणीला ते शोभलं नसतं.

"हा उंबरठा ओलांडलास, तर मी तुझी कुणी नाही!" भोंगा गरजली. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

आता राजकन्येचं शेवटचं वाक्य. आई पानाकडे बघत राहिली.

"आई, वाच ना! एवढंच तर राहिलंय. 'जशी तुझी इच्छा.' मग ती आत निघून जाते. झालं!"

"हे मी नाही वाचणार."

"अगं, पण नाटकात तसंच आहे!"

"असू दे." तिनं पुस्तक मिटून लेकीच्या हातात दिलं. "तुझ्याएवढी असताना तुझ्या आजीपुढं मी हे म्हणून बसलेय. पुन्हा नाही म्हणायची. जा, बॅग काढ तुझी."