दोन कोटी एक्केचाळीस लाख बारा हजार एक

२४११२००१ ही संख्या उलटी लिहिली की १००२११४२ होते. मोठीतून लहान वजा केली की १४०९०८५९ उरतात. या अंकांची बेरीज छत्तीस. तीन आणि सहा, नऊ.

"नऊ म्हंजे मंगळ," जगदेव होणाऱ्या व्याह्यांना म्हणाला. "आता तुमीच सांगा इवाई, जाणूनबुजून पोराच्या जिवाशी खेळू काय?"

२४ नोव्हेंबर २००१ ही निकिताची जन्मतारीख. तिचे वडील इंद्रभान अनसिंग गावातल्या आपल्या घरी, स्वतःच्याच बैठकीत, हात जोडून बसले होते. निकिता आणि जगदेवचा मुलगा लखन यांचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मागच्याच महिन्यात झाले होते. आता मोडले तर बोल मोडणाऱ्यावर यायचा. पण मुलीला मंगळ निघाला तर बोल तिच्यावर, आणि तो पुढच्या प्रत्येक स्थळाच्या आधी जाऊन पोचणार.

"पत्रिका त जुळली होती ना," इंद्रभान म्हणाले.

"पत्रिका मानूस लिहिते. हे गणित हाये. आमच्या लखननं सोता काढलं. आठवीच्या पोरायले गणित शिकवते तो. आकडा खोटं बोलते काय?"

लखन चहावरची साय बोटाने बाजूला सारत होता.

निकिता वाशिमला रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, एवढे तिला ठाऊक होते. तिने मोबाइलवर लखनची जन्मतारीख मांडली, उलटी केली, वजाबाकी केली. नऊ.

"मामाजी, तुमची सांगा," ती होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाली.

"माही? एक जून पासष्ट. खरी कोनाले माहीत! शाळेत टाकताना मास्तरनं लिहून देल्ली."

त्या कल्पित तारखेचेही नऊच आले.

"अरे बाप! म्हंजे मलेबी मंगळ?"

"काहून घाबरून राह्यले, मामाजी? संख्या उलटी केली तरी अंक तेच राह्यते. नवानं भागलं त बाकीबी तेवढीच. एकीतून दुसरी वजा केली की बाकी मिटते, अन् नवानं पुरा भाग गेला की अंकायची बेरीज शेवटी नऊच. उलटसुलट सारखी तारीख सोडली, त कोनाचीबी मांडा, नऊच येते."

सगळे मोबाइलवर वाकले होते. लखन वाकला नव्हता.

"सर," निकिता म्हणाली, "तुमाले माहीत होतं ना?"

"बाबासमोर नको," तो हळूच म्हणाला.

जुन्या नमुन्याचे झाकण चुकून उघडावे, तशी तिला किळस आली. तिने अंगठी काढून त्याच्यापुढे ठेवली आणि मोरीवर जाऊन तो हात साबणाने धुतला.

कारण साधे होते. लखनला हे लग्न नको होते. तसे सांगितले असते, तर साक्षगंध मोडल्याचा बोल त्याच्यावर आला असता. म्हणून त्याने तिच्या जन्मतारखेचे असे गणित घातले, ज्याचे उत्तर त्याला मांडण्याआधीच ठाऊक होते.