तव्यावरचा हात

भाकरी उलटून झाल्यावर वनमालाने तळहात तापलेल्या तव्यावर टेकवला. समोर जेवायला बसलेला तिचा नवरा दिगंबर किंचाळत ताटावर कोसळला.

त्याने तिचा जबडा फोडला, तेव्हा कोर्टाने दोघांच्या मानेत चिप बसवली होती. तिला लागलं की त्यालाही तेवढंच दुखायचं. त्यानंतर त्याने तिला कधी मारलं नाही. मग तिनेच स्वतःला मारायला सुरुवात केली.

"वनू, पुरे कर गं," तो कळवळला.

"मी म्हणायचे, तेव्हा तू थांबायचास?" असं म्हणून तिने हात काढला. कातडी तव्यालाच चिकटून राहिली.

शिक्षा संपली म्हणून त्याची चिप सकाळीच बंद झाली होती. हे त्याने तिला सांगितलं नव्हतं. तो ओरडल्याशिवाय ती तव्यावरून हात काढत नसे.