सरळ लिहायचंस ना!

ओहायोतल्या एका कारखान्यात हिसाशी कुरोइवा नऊ वर्षं यंत्रं तपासत होता. कुठलंही यंत्र थांबवायचं, तर मॅनेजर डार्लीनची परवानगी मेलवरच घ्यावी लागे. एका शुक्रवारी पत्रे दाबणाऱ्या प्रेसचं संरक्षक कवच ढिलं झालेलं दिसलं, तेव्हा त्याने जपानमध्ये, नागोयात शिकलेल्या रीतीने लिहिलं, ‘कदाचित माझीच पाहण्यात चूक होत असेल, पण आपल्या सवडीने एकदा कवचावर नजर टाकलीत, तर आभारी राहीन.’

डार्लीनचं उत्तर आलं, ‘थँक्स, हिसाशी! सुट्टी मजेत घालव!’

सोमवारी त्या प्रेसमध्ये तिथल्या कामगाराची, रूबेनची, दोन बोटं गेली.

“अरे बाबा, सरळ लिहायचंस ना, मशीन बंद करा म्हणून!” डार्लीन सगळ्यांसमोर त्याच्यावर उखडली. “इतकं गोड लिहिलंस, मला वाटलं, बघू निवांत.”

हिसाशी रूबेनला भेटायला गेला, तेव्हा त्या बँडेजकडे त्याला बघवेना.

दोन महिन्यांनी त्याला क्रेनच्या साखळीला तडा गेलेला दिसला. या वेळी त्याने लिहिलं, ‘क्रेन आत्ताच्या आत्ता बंद करा. साखळी तुटेल. खाली माणसं आहेत.’

पाच मिनिटांत क्रेन थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.



संध्याकाळी डार्लीनची मेल आली: ‘तुझी भाषा ऑफिसात सगळ्यांना उद्धट वाटली. सौजन्याने कसं लिहावं, याचं प्रशिक्षण बुधवारी नऊला आहे. हजर राहा.’