काठीचं पुढे काय झालं

"दात दुखत नाही," शिंपीकाका दारातूनच म्हणाले. "पुढचं विचारायला आलोय."

डॉक्टरांची मुलगी दवाखान्यातली खुर्ची पुसत होती. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. एका नव्या डॉक्टरांनी खुर्ची विकत घेतली होती आणि ती न्यायला आज टेम्पो यायचा होता. काकांची दाढ अर्धी भरायची राहिली असेल असं वाटून ती नव्या डॉक्टरांचा पत्ता शोधू लागली.

दाढ नव्हे, गोष्ट अर्धी राहिली होती. काका बाकावर ऐसपैस बसून सांगू लागले. डॉक्टर काम करता करता गोष्टी सांगायचे. पेशंटच्या तोंडात कापसाचे बोळे, त्यामुळे मध्ये बोलायची कोणाची टाप नव्हती. ऐन रंगात आलं की डॉक्टर म्हणायचे, भरा चूळ, बाकीचं पुढच्या वेळी. या नादापायी काकांनी आपले धडधाकट दात वर्षातून चारदा साफ करून घेतले होते.

ती ऐकतच राहिली. घरी बाबा म्हणजे तोंडात मिठाची गुळणी. जेवताना ती बोलायची आणि ते जेवायचे. आधी शाळेतलं, मग नोकरीतलं, ताटं घासून होईपर्यंत तिची टकळी चालू. बाबांकडून फार तर एक 'हं'. आई होती तेव्हा म्हणायची, दिवसभर लोकांची तोंडं उघडून आलेला माणूस, स्वतःचं कशाला उघडेल? आई गेल्यावर टेबलाशी दोघंच उरली, तरी 'हं'चं 'बरं' काही झालं नाही. आता ती एकटी जेवायची, मुकाट्याने. एक सल मात्र राहून गेली होती. इतकी वर्षं आपण सांगितलं, ते त्यांच्या कानात तरी शिरलं का? आता विचारणार कोणाला?

बाबा फारसं बोलत नसत, काका, तुम्ही दुसऱ्या कोणाविषयी सांगताय, असं तिने हळूच सुचवलं.

काका काही म्हणणार एवढ्यात शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाई कवळीची डबी घेऊन आल्या. कवळी टोचत होती, आता दाखवायची कुठे हे त्यांना विचारायचं होतं. पण कशाबद्दल चाललंय ते कळताच त्यांनी डबी पिशवीत टाकली. "काठीची गोष्ट ना? मी पण तिथेच अडकलेय."

मग दोघांनी एकमेकांचं बोलणं तोडत ती सांगितली. एक म्हातारे गृहस्थ बसमध्ये काठी विसरतात. एक बाई ती उचलून बसस्थानकावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर देतात. पुढच्या आठवड्यात गृहस्थ पुन्हा विसरतात, त्याच बसमध्ये, आणि देणारी बाई तीच. खिडकीतली कारकून महाहुशार. गृहस्थ काठीशिवाय तरातरा चालत येतात, हे तिने पहिल्याच दिवशी हेरलेलं. बाई किती वाजता येऊन गेल्या, एवढंच ते आडून आडून विचारतात. पण सामान आणून देणाऱ्याचं नाव सांगायचं नाही असा नियम. आणि एके दिवशी काठी जमा होते, तर तिच्या मुठीला लाल मफलर बांधलेला.

"लाल नाही, राखाडी," ती म्हणाली.

दोघं तिच्याकडे बघू लागले. तिच्या हातातलं फडकं केव्हाच थांबलं होतं. त्या खिडकीत तीच बसायची, गेली कित्येक वर्षं. मफलरचं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा दवाखान्यातून लवकर घरी आले आणि मग अंथरुणालाच खिळले. पुढचं सांगायचं राहूनच गेलं होतं. राखाडीचा लाल बाबांनी केला होता, आणि खरं सांगायचं तर लालच बरा दिसत होता.

"मग पुढे काय झालं?" बाईंनी विचारलं.

टेम्पोवाला आत आला. कोणती काठी, म्हणून त्याने चौकशी केली आणि न्यायला आलेल्या खुर्चीतच तो बसला. त्याच्यासाठी तिला पहिल्यापासून सुरू करावं लागलं. या खेपेला गृहस्थांच्या चालण्यात तिने जरा ऐट घातली. मफलर लालच ठेवला. कारकून बाईने दोघांनाही चार वाजता सहीसाठी बोलावलं. सही कसलीच नव्हती. दोघं बाकावर बसली, सहीचं विसरली, शेवटची बस लागेपर्यंत बोलत राहिली. मग हातात हात घालून गेली आणि काठी तिथेच राहिली. पहिल्यांदाच खरी विसरली होती.

बाईंनी डोळे पुसले. टेम्पोवाल्याने आणखी एखादी आहे का विचारलं.

शिंपीकाका मात्र तिच्याकडे टक लावून बघत होते. "म्हणजे त्या तुम्ही होय! आम्ही म्हणायचो, डॉक्टर, आता पुस्तक काढा. तर म्हणायचे, लिहिणारी आमच्या घरी आहे, तिचं तिलाच माहीत नाही. रोज जेवताना सांगते. मी आपला नुसता 'हं' म्हणतो. मध्ये काही बोललो आणि ती थांबली म्हणजे?"