एक आडवी रेघ
आईचं आत्मचरित्र उद्या छपाईला जायचं होतं, म्हणून मी तिच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या वह्यांवरून तारखा तपासत होते. वह्यांबाबत आई भारी कडक. पान फाडायचं नाही, खाडाखोड नाही. चुकलंच तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. ज्या जनुकाच्या शोधामुळे ती पाठ्यपुस्तकांत पोचली, त्याचं पान उघडलं. ‘कल्पना कुणाची’ या रकान्यात मावशीचं नाव एका रेघेनं खोडलेलं, वर आईचं. मावशी म्हणजे आईच्या शेजारच्या टेबलावरची सहकारी. मी सात वर्षांची असताना तिनं आमच्याकडे येणं एकाएकी सोडलं. वही आईपुढे धरली. “हे काय गं?” आईनं चष्मा पुसला, लावला मात्र नाही. “खालचं वाचता येतंय ना?” “येतंय.” “मग मी लपवलं कुठे?” मी आत्मचरित्रातलं ते प्रकरण चाळलं. त्यात मावशी कुठेच नव्हती, खोडलेलीसुद्धा नव्हती.