मधातली गोळी

"मान वर कर बघू," आई म्हणाली आणि लेकीची हनुवटी धरून तिनं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं.

उजव्या गालावर नवे फोड आले होते, चांगले टपोरे. जुन्यांच्या जागी काळे डाग पडले होते, आणि कपाळ तर बघवत नव्हतं.

"झालं बघून?" लेक म्हणाली. "की मोजणार आहेस?"

"गप गं. आ कर."

चमच्यात मध होता आणि मधात कुटलेली गोळी. लेकीला लहानपणापासून गोळी गिळता यायची नाही, घशात अडकली की डोळे पांढरे करायची. म्हणून या घरात औषध म्हटलं की खलबत्ता निघायचा. आई कुटायची, मधात कालवायची आणि भरवायची. लेक एवढी घोडी झाली, तरी भरवायची. लेक तोंड वाकडं करत चमचा चाटायची आणि मग खलबत्ता धुऊन ओट्यावर पालथा घालायची. ते काम तिचं.

औषध साधंच होतं. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी एक मलम दिलं होतं आणि झिंकची गोळी. "धीर धरा, गुण यायला वेळ लागतो," असं त्या म्हणाल्या होत्या. पण धीर धरायला सवड कुणाला होती? दूरच्या शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात लेकीला स्वागतकक्षात नोकरी मिळत होती. मुलाखत घेणाऱ्या बाईंना तिचं बोलणं भारी आवडलं होतं. फक्त चेहऱ्याशी गाडी अडली. "येणारा पाहुणा आधी तुझं तोंड बघतो. जरा नितळ होऊ दे, मग ये," असं त्यांनी तोंडावर सांगितलं. काय ही बोलायची रीत! दोनदा त्यांनी मुदत दिली, दोनदा लेक तशीच्या तशी परत आली. आता महिनाअखेर शेवटची संधी, नाहीतर जागा दुसरीला.

दुसऱ्यांदा परत आली त्या दिवशी लेक चप्पल काढून सरळ पानावर बसली आणि दोनदा वाढून घेऊन जेवली. पोर दुःख गिळतेय, असं आईला वाटलं. तिला गलबलून आलं, कारण ते दुःख तिनंच कालवून भरवलं होतं.

झिंकची गोळी पांढरी असते. तिच्या जोडीला आई रोज एक लाल गोळी कुटत होती, बी-ट्वेल्व्हची. आई औषधांच्या दुकानात कामाला होती. तिथं एकदा एक तरुण गिऱ्हाईक रडकुंडीला आलं होतं. ताकदीसाठी म्हणून ही गोळी सुरू केली आणि तोंड फोडांनी भरलं, म्हणे. "काहींना होतं तसं. बंद करा, जातील," मालक म्हणाले. आईनं ते ऐकलं आणि मनात ठेवलं. पुढे लेकीच्या दोन-चार पुटकुळ्यांसाठी झिंक सुरू झालं आणि हॉटेलातून बोलावणं आलं, तेव्हा तिनं करून पाहिलं. लेकीला ती गोळी बरोब्बर बाधली. मधात रंग कळत नव्हता. खलबत्त्याच्या तळाला तेवढी लालसर पूड राहायची, तीही पाण्याबरोबर वाहून जायची.

बाई वाईट नव्हती हो, घाबरलेली होती. नवरा वारला. मग थोरला मुलगा "येतो गं अधूनमधून" म्हणत परगावी नोकरीला गेला. आधी त्याचा रोज फोन यायचा, मग सुट्टीच्या दिवशी, आणि आता हिनं केला तरच. संध्याकाळी दार उघडल्यावर आतून "आलीस?" म्हणणारं एकच माणूस उरलं होतं. तेही गेलं की भिंतींशी बोलायचं?

"तू तरी मला विसरणार नाहीस ना गं?" असं तिनं एकदा भाजी निवडता निवडता विचारलंही होतं.

"मी कुठे जातेय, आई?" लेक म्हणाली होती, मान वर न करता.

मग एके दिवशी डोकं दुखतंय म्हणून आई दुकानातून लवकर निघाली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत लेक आरशासमोर उभी होती. डोळ्यांखाली ओढणी घट्ट बांधलेली, पाठ ताठ. "या, आपलं स्वागत आहे," ती आरशाला म्हणत होती. "प्रवास कसा झाला?" काय गोड आवाज लावला होता पोरीनं! आई जिन्यातच बसली. आपण आई आहोत की वैरीण, हे तिला कळेना. तोंडात पदर कोंबून ती रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं लाल गोळ्यांची पाकिटं कागदात गुंडाळून रस्त्यावरच्या कचरापेटीत टाकली. हात झटकले, घरी आली आणि पांढरी गोळी एकटी कुटली. महिनाअखेरीला अजून अवकाश होता. बंद केलं की जातात, मालकच म्हणाले होते. घर रिकामं होणार होतं, पण होऊ दे. तिनं भरपूर मध घेतला आणि चांगलं कालवलं.

"घे," ती म्हणाली. "या खेपेला गुण येणार बघ. तू जाणार. मी सांगते ना!"

लेकीनं आ केला नाही. चमचा स्वतःच्या हातात घेतला. तिची नजर आईच्या सुजलेल्या डोळ्यांवर गेली, तिथून ओट्यावरच्या खलबत्त्यात. तळाशी पांढरी पूड होती.

तिनं चमचा तसाच आईच्या हातात परत दिला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला, लहान मुलाची समजूत काढावी तसा.

"आई," ती म्हणाली, "आज लाल घालायची विसरलीस."