नकाराची हद्द

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "फ्रॅक्चर नाही."

"फक्त मनगटाला नाही, की कोपरालाही नाही?" मी विचारलं.

घरी बसून मी हेच तर काम करते. इंग्रजी वैद्यकीय अहवालांतला प्रत्येक नकार, म्हणजे 'नो', 'नॉट' असा शब्द, पिवळा करायचा आणि तो वाक्यात जिथवर लागू होतो तिथवर रेघ ओढायची. या खुणांवरून संगणक अहवाल वाचायला शिकतो; रेघ चुकली, तर तो धडधाकट माणसाला आजारी समजतो. काल अशीच रेघ ओढत असताना माझ्या लेकाने, निनादने, पलंगावरून उडी मारली आणि हात सुजवून घेतला.

"अख्ख्या हाताला काही नाही, मॅडम."

"आणि डोक्याला?"

"त्याच्या ना? त्यालाही नाही," डॉक्टर हसले.

घरी आल्याआल्या मी बोट रोखून बजावलं, "पुन्हा पलंगावरून उडी मारायची नाही! कळलं?"

"नाही मारणार," निनाद शहाण्यासारखा म्हणाला.

मी निर्धास्त होऊन लॅपटॉप उघडला. पहिला नकार पिवळा केला, रेघ ओढायला घेतली, तोच मागे धप्पकन आवाज झाला.

"पलंगावरून नाही मारली, आई," निनाद फरशीवर बसून सांगत होता, "सोफ्यावरून मारली."